ओलं गोणपाट

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, ४ नोव्हेंबर २०२४ रोजी, भल्या पहाटे मी जेजुरीला उतरले तेव्हा अंगात स्वेटर होता. दिवाळीनंतरची पहाट म्हणून कपाटातून मुद्दाम काढलेला. गडाच्या पायथ्याशी चहा पिऊन होईपर्यंत तो पिशवीत गेला, आणि पुढचे बारा दिवस पिशवीतच राहिला.

मला एका धनगर वाड्याबरोबर कोकणात उतरायचं होतं. वाडा म्हणजे इथे इमारत नव्हे. पाच बिऱ्हाडं, चारशेच्या आसपास मेंढरं, तीसेक शेरडं, नऊ घोडी, कोंबड्या आणि सात कुत्री, असा तो सगळा चालता संसार. पाऊस सरला आणि माळावरचं गवत वाळायला लागलं, की बारामती-पुरंदरच्या कोरड्या पट्ट्यातले असे वाडे पश्चिमेला निघतात. सह्याद्रीचा एखादा घाट उतरून भाताच्या खाचरांत मेंढरं बसवतात आणि पावसाच्या तोंडावर परत फिरतात. माझी एक पशुवैद्यक मैत्रीण या वाड्यांवर वर्षानुवर्षं लस टोचायला आणि औषधं द्यायला जाते. तिच्या शब्दावर वाड्याचे म्हातारे कारभारी, आबा, मला बरोबर घ्यायला तयार झाले.

मी गेले ती कुत्र्यांसाठी. पुण्यात माझ्या घरी कुत्रा आहे. आधी एक होता, तो गेल्यावर हा आला. दोघांबरोबर मिळून पंधरा वर्षं मी रोज सकाळ-संध्याकाळ चालत आले आहे. त्या चालण्यानं मला माझा शेजार दिला, झाडं ओळखायला शिकवलं, एका मोठ्या आजारपणातून उठवून पुन्हा रस्त्यावर आणलं. पण माझा कुत्रा चालतो तो पट्ट्याच्या टोकाला आणि माझ्या सवडीनं. ज्या कुत्र्यांचा अख्खा जन्म चालण्यात जातो ती कशी राहतात, काय खातात, कुठे निजतात, हे त्यांच्याबरोबर चालूनच पाहायचं होतं.

सुरुवात जेजुरीपासून झाली, याचा मला आनंद वाटला. कुत्र्याला इतका मान असलेलं दैवत महाराष्ट्रात दुसरं क्वचितच असेल. खंडोबाच्या टाकांवर आणि तसबिरींत घोड्याच्या पायाशी कुत्रं असतंच. खंडोबाला वाहिलेले वाघ्ये स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवतात, कोटंबा हे पात्र पुढे धरून भुंकतात आणि मग त्यातला प्रसाद खातात. या देवाच्या दोन बायकांपैकी म्हाळसा वाण्याची आणि बानू धनगराची. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकानं (१९३४–१९९२) धनगरांच्या देवांवर आणि खंडोबावर आयुष्यभर काम केलं. घर करून राहणारे आणि माळावर फिरणारे असे दोन्ही लोक या एका देवाच्या संसारात कसे नांदतात, ते त्यानं दाखवलं. आबांना सोन्थायमर ठाऊक नव्हता. पण गडावरून आणलेला भंडारा त्यांनी आधी घोड्यांना लावला, मग एकेका कुत्र्याला जवळ बोलावून कपाळावर चिमूट टेकवली, आणि मग उरलेला माझ्या कपाळाला.

“सात झाली. आता तुमी आठव्या,” आबा म्हणाले. त्या क्षणी माझी वाड्याच्या मोजदादीत भर पडली.

चालण्याची एक ठरलेली रीत होती. मुक्काम हलवायचा त्या दिवशी बाया घोड्यांवर संसार लादून पुढे निघत. घोंगड्या, पातेली, पाण्याचे कॅन, वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, वर पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि दोन्ही बाजूंच्या झोळ्यांतून मान बाहेर काढून बघणारी नुकती जन्मलेली कोकरं. एका झोळीत दोन कोकरांच्या मध्ये कुत्र्याची दोन पिल्लं होती. मला आधी वाटलं, जागा नव्हती म्हणून कोंबली असतील. वाड्यातल्या आजी म्हणाल्या, “मुद्दाम ठिवल्यात. कोकराच्या वासात वाढलेलं कुत्रं कोकराला दात लावत न्हाय.”

राखणीच्या कुत्र्याचं सगळं शिक्षण त्या झोळीत होतं. डोळे उघडायच्या आधीपासून ज्या उबेत आणि वासात पिल्लू वाढतं, ते त्याचं घर होतं. पुढे वर्षभराचं झालं की थोडं उंडारतं, मेंढरांच्या मागे खेळ म्हणून पळतं. तेव्हा गळ्यात लोढणं अडकवतात, म्हणजे धावायला लागलं की लाकूड गुडघ्यांवर आपटतं. आमच्या वाड्यात लाल्या नावाच्या तरण्या कुत्र्याच्या गळ्यात असं लोढणं होतं. ते केव्हा उतरायचं हे ठरवायचा हक्क आबांचा.

सातांपैकी दोन कुत्री घोड्यांबरोबर जात आणि उतरलेल्या सामानाची राखण करत. बाकीची खांडाबरोबर, म्हणजे मेंढरांच्या कळपाबरोबर. वाघ्या पुढे, मोत्या बाजूला, बाकीचे जिथे वाट दिसेल तिथे, आणि सगळ्यांच्या मागे काळी. काळी नऊ-दहा वर्षांची म्हातारी कुत्री, एका कानाचा शेंडा तुटलेला. शेवटचं मेंढरू चालत असेल त्याच्याही मागे ती दहा पावलं असे. कुणी लंगडं झालं, कुणी काटेरी झुडपात अडकलं, तर काळी थांबायची. भुंकायची नाही. तिथेच बसून राहायची. पुढे गेलेल्या आबांना मागे काळी दिसली नाही की ते समजत, एक जनावर कमी आहे.

एरवी दिवाळीनंतर वाडा दिवसभर चालतो. “दिसभर चाललं तरी घाम येत नसायचा,” आबा सांगत होते, “रातच्याला घोंगडी दोन लागायच्या.” या वर्षी सकाळी नऊलाच मेंढरं थांबू लागली. मेंढरू तापलं की सावली शोधतं, आणि माळावर सावली नसली की दुसऱ्याच्या पोटाखाली डोकं घालतं. बघता बघता चारशे मेंढरांचा एक गोल व्हायचा. सगळी डोकी आत, सगळ्या पाठी बाहेर, उन्हात. कुत्र्यांना तर घामाची सोयच नाही. पंजांच्या गाद्यांना येईल तेवढाच घाम, बाकी सगळी उष्णता उघड्या तोंडातून, जीभ बाहेर टाकून घालवायची. दुपारी डांबरावर मी हाताची मागची बाजू टेकवून पाहिली आणि लगेच उचलली. त्यावरून कुत्री चालणार कशी? म्हणून आमचं वेळापत्रक बदललं. पहाटे चार ते नऊ चालायचं, मग आंब्याच्या किंवा वडाच्या सावलीला पडायचं, आणि ऊन कलल्यावर पुन्हा निघून अंधार पडेपर्यंत.

ऑक्टोबरचा उकाडा आपल्याला नवा नाही. पाऊस जातो, आभाळ मोकळं होतं, जमीन अजून ओली असते, आणि वरून पडणाऱ्या उन्हात ती ओल उकळते. पण तो उकाडा दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाचं कढत पाणी अंगावर घेताना संपलेला असायचा. आम्ही निघायच्या तीन दिवस आधी, १ नोव्हेंबरला, भारतीय हवामान खात्यानं जाहीर केलं होतं की १९०१ पासूनचा देशातला हा सर्वांत उष्ण ऑक्टोबर. सरासरी तापमान २६.९२ अंश, नेहमीपेक्षा सव्वा अंशानं जास्त. रात्रींचा आकडा त्याहून बोलका होता. सरासरी किमान तापमान २०.०१ असायला हवं, ते २१.८५ होतं. कारणंही दिली होती. वायव्येकडून येणारे पश्चिमी चक्रावात आले नाहीत, आणि बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे पूर्वेचे वारे वाहत राहिले. दिवस तापतो ते दिसतं. रात्र निवत नाही, ते उघड्यावर झोपणाऱ्यालाच कळतं. पावणेदोन अंश म्हणजे काय, ते मला दुसऱ्या रात्री कळलं.

जेजुरी आणि सासवडच्या मध्ये, कऱ्हेच्या अलीकडे एका शेतात मुक्काम होता. शेतकऱ्यानं मेंढरं बसवायला बोलावलं होतं. रात्रभर चारशे मेंढरं एका तुकड्यात बसली की लेंड्या आणि मुताचं असं खत पडतं की पुढच्या पिकाला वेगळं काही घालावं लागत नाही. त्या बदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात. वाघर ताणली, मेंढरं आत घेतली, चुली पेटल्या. बाजरीच्या भाकरी थापताना वाड्यातल्या वहिनींनी कुत्र्यांसाठी वेगळ्या जाड भाकरी आधी काढून ठेवल्या. त्या ताकात कुस्करून सात ठिकाणी वाढल्या. एका ताटात घातलं तर तरणी कुत्री म्हाताऱ्यांना खाऊ देत नाहीत, म्हणून सात ठिकाणी. नामदेवाच्या ताटातली भाकरी कुत्र्यानं पळवली तेव्हा तो तुपाची वाटी घेऊन मागे धावला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. वहिनींना ती सांगायची गरज नव्हती. काळीला दात कमी राहिलेत म्हणून तिची भाकरी त्या जास्त वेळ भिजू देत होत्या.

चतुर्थीची कोर लवकर मावळली. थंडीच्या दिवसांत वाड्याची कुत्री वाघरीला पाठ लावून, काही तर जाळीखालून आत घुसून मेंढरांच्या लोकरीत निजतात. त्या रात्री उकडत होतं. मेंढरांच्या कळपाची वाफ माझ्या अंथरुणापर्यंत येत होती. कुत्री एकेक करून उठली आणि शे-दीडशे पावलांवरच्या ओढ्याच्या ओल्या वाळूत जाऊन पडली. मी विजेरीच्या उजेडात पाहिलं. वाळू उकरून, पोट ओलीला लावून, चारही पाय पसरून सगळी निवांत पडली होती. मला ते पाहून बरंच वाटलं.

अडीचच्या सुमाराला मेंढरं एकदम एका बाजूला लोटली. जाळीचा खुंटा उपटल्याचा आवाज आला. मग कुत्र्यांचं भुंकणं, पण दुरून, ओढ्याकडून, आणि ती पोहोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. आबांनी विजेरी फिरवली. एक मादी कोकरू नव्हतं. उजाडल्यावर मऊ मातीत पावलं दिसली. “लांडगा,” आबा म्हणाले. “येकटाच व्हता.”

सुपे, सासवड, दिवे घाटाच्या माथ्यावरची माळरानं हा लांडग्यांचा जुना मुलूख. देशभरात मिळून ते तीन-साडेतीन हजारांच्या आत उरलेत असा अंदाज आहे. माळ संपत चालले, शिकार कमी झाली, आणि मोकाट कुत्र्यांची संख्या वाढली. पुण्याच्या आसपास लांडगा आणि कुत्रा यांचा संकर होतो आहे, याचे जनुकीय पुरावे २०२३ साली प्रसिद्ध झाले. लांडगा जितका कमी, तितकी ही मिसळ त्याच्या जातीला घातक. मला लांडग्याचा राग आला नाही. आबांनाही आलेला दिसला नाही. “त्येचाबी वाटा असतो,” एवढंच ते म्हणाले. मला धास्ती होती ती कुत्र्यांची. आता यांना मार बसणार.

सातही कुत्री वाघरीजवळ मान खाली घालून उभी होती. काळी सर्वांत मागे. आबांनी काठी जमिनीवर ठेवली, काळीच्या मानेवरची वाळू झटकली, आणि पोटाखाली हात घालून पाहिला. “तापलीया,” ते म्हणाले. “लोकरीत कशी निजंल? तिलाबी जीव हाय.” मग वहिनींकडे वळून म्हणाले, “गोणपाटं हायती का?”

त्या संध्याकाळपासून वाड्यात एक नवं काम सुरू झालं. मुक्काम पडला, मेंढरं आत गेली, की वहिनी आणि मी रिकामी गोणपाटं ओढ्यात किंवा विहिरीवर भिजवायचो, पिळायची नाहीत, तशीच निथळती आणायची आणि वाघरीच्या भोवती सात ठिकाणी पसरायची. खालची माती आधी तांब्यानं शिंपून घ्यायची. पहिल्या रात्री कुत्री हुंगून निघून गेली. मी काळीच्या गोणपाटाजवळ बसून राहिले. बऱ्याच वेळानं ती आली, दोनदा स्वतःभोवती फिरली, आणि पोट टेकलं. ओल अंगाला लागली तसा तिनं एक लांब श्वास सोडला. तिच्यामागून बाकीची आली. पाणी लांब असलं की ही गोणपाटं म्हणजे दोन जास्तीच्या खेपा, आणि दिवसभर चालून आलेल्या बाईनं डोक्यावरून आणायच्या. पण वहिनींनी एकही रात्र चुकवली नाही, आणि पुढे एकही कोकरू गेलं नाही.

सासवड मागे टाकून आम्ही नारायणपूरला आलो. पुरंदरच्या पायथ्याचं हे गाव. तिथे नारायणेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे आणि एकमुखी दत्ताचं देवस्थान. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, त्यांना चार वेद म्हणतात. आजींनी घोडं थांबवून लांबूनच हात जोडले. इथे माझ्या पशुवैद्यक मैत्रिणीनं आम्हाला गाठलं, औषधांची पेटी घेऊन. कुत्र्यांना रेबीजची लस टोचायची होती आणि जंताच्या गोळ्या द्यायच्या होत्या.

जंताच्या गोळीचं महत्त्व तिनं मला एका मेंढीजवळ नेऊन दाखवलं. ती मेंढी मान वाकडी करून एकाच बाजूला गोल गोल फिरत होती. समोर गवत असूनही तिला ते दिसत नव्हतं. तिच्या मेंदूत पाण्यानं भरलेली एक गाठ वाढत होती. ती गाठ म्हणजे एका पट्टकृमीची अळी. मेलेल्या मेंढीचं डोकं कुत्र्यानं खाल्लं की अळी त्याच्या आतड्यात जाऊन कृमी होते. त्या कृमीची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर पडतात, आणि गवताबरोबर पुन्हा मेंढीच्या पोटात. कुत्र्याला यात काही त्रास दिसत नाही, मेंढी मात्र हातची जाते. उपाय साधे आहेत. मेलेल्या जनावराचं डोकं खोल पुरायचं आणि दर तीन महिन्यांनी कुत्र्याला गोळी द्यायची. “म्हंजी कुत्र्याचं पोट राखलं तर मेंढराचं डोकं राखलं,” आबा म्हणाले. गोळी गुळात घालून सातांना त्यांनीच स्वतःच्या हातानं भरवली, आणि काळीचा जबडा गोळी गिळेपर्यंत हलकेच धरून ठेवला.

कापूरहोळला पुणे-सातारा महामार्ग आडवा येतो. तो ओलांडायला आम्ही पहाटे तीनला निघालो. पुलाखालची वाट होती, पण वरून ट्रक गेला की आत गडगडाट भरायचा आणि मेंढरं तोंडाशीच थबकायची. माणसं ओरडत होती, विजेऱ्या हलवत होती. मागून रेटा आला असता तर पुढची तुडवली गेली असती. तेव्हा काळी मागची जागा सोडून पुढे आली. हे मी बारा दिवसांत एकदाच पाहिलं. ती पुलाखालून चालत पलीकडे गेली, फिरली, पुन्हा अलीकडे आली, आणि परत पलीकडे गेली. न धावता, न भुंकता. तिच्यामागे गळ्यात घुंगरू असलेलं थोरलं शेरडू निघालं. घुंगराचा आवाज पलीकडून यायला लागला तशी मेंढरं ओघळ फुटावा तशी सुटली. पाच मिनिटांत वाट रिकामी झाली, आणि काळी पुन्हा शेवटच्या मेंढरामागे दहा पावलांवर.

भोरच्या पुढे रस्ता नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकडेनं हिर्डोशीच्या खोऱ्यात शिरतो. गावं विरळ, झाडी दाट, आणि पाणी जवळ. हे पाच दिवस माझ्या आठवणीत एकसलग आहेत. पहाटे घोडी लादायची. नऊला सावली धरायची. दुपारी आबा काठीला टेकून डुलकी घ्यायचे आणि मोत्या त्यांच्या वहाणांवर हनुवटी ठेवून. पाण्याकडेला कुत्री मानेपर्यंत बुडून बसायची, आणि मेंढरं हलली की निथळत बाहेर. गावातून जाताना तिथली कुत्री अंगावर यायची. वाघ्या नुसता उभा राहायचा, शेपूट ना वर ना खाली, आणि खांड पुढे सरकेपर्यंत हलायचा नाही. निवडणुकीचे दिवस होते, प्रचाराच्या गाड्या भोंगे लावून जात. पहिल्यांदा लाल्या त्या आवाजानं बिथरून मेंढरांत घुसला. चौथ्या गाडीला तो हलला नाही. त्या संध्याकाळी आबांनी त्याच्या गळ्यातलं लोढणं सोडलं, आणि लाकूड चुलीत घातलं. लाल्या बराच वेळ मान हलवून पाहत होता.

मी माझ्या घरच्या कुत्र्याचा विचार करत चालायचे. मी म्हणते, ‘कुत्र्याला फिरवून आणते.’ आजींना हे वाक्य कळेना. “फिरवून म्हंजी? त्येला कुठं जायचं अस्तं?” मी सांगितलं, कुठं नाही, मोकळं व्हायला, पाय मोकळे करायला. त्यांनी विचार केला आणि विचारलं, “मंग त्येला काम काय?” मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. चालता चालता सुचलं. त्याचं काम मी घरी परत येणं हे आहे. तो मला बाहेर नेतो आणि परत आणतो. आजींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मंग बरुबर हाय. राखणच हाय ती.”

वरंधा घाटात आम्ही १३ तारखेला पोहोचलो. घाटाचा रस्ता कावळ्या किल्ल्याला मधोमध कापून जातो. तिथे वाघजाईचं ठाणं आहे, भजी-चहाच्या टपऱ्या आहेत, आणि कठड्याशी उभं राहिलं की खाली कोकण. एरवी या दिवसांत धुकं असतं, आबा म्हणाले. आज स्वच्छ होतं, आणि खालून येणारी हवा दमट, गरम. उतरायचं ठरलं ते चांदण्यात, गाड्या कमी झाल्यावर. पौर्णिमेला दोन दिवस होते. वळणावळणाच्या रस्त्यावर चारशे मेंढरांच्या खुरांचा आवाज पावसाच्या सरीसारखा येत होता. काळी मागे, मी काळीच्या मागे. दरीच्या बाजूच्या कडेनं वाघ्या आणि लाल्या, एकही मेंढरू त्यांच्या पलीकडे जाणार नाही असे. लाल्याला तिथे कुणी धाडलं नव्हतं. पहाटे माझेरीच्या बाजूला उतरलो तेव्हा आबांनी उभ्यानंच मेंढरं मोजली. भरली.

त्रिपुरी पौर्णिमेला बिरवाडीच्या अलीकडे एका खाचरात वाडा बसला. भात कापून झालं होतं, पेंढ्याची उडवी रचली होती, बांधापलीकडे वालाचे कोंब फुटले होते. शेतकरी आबांचा वीस वर्षांचा ओळखीचा. त्याच्या बायकोनं आल्या आल्या पहिलं काय विचारलं असेल तर, “काळी आहे ना अजून?” रात्री गावातल्या देवळात पणत्या लागल्या. आम्ही गोणपाटं भिजवली. खाचरातली माती ओलीच होती, तरी भिजवली.

१६ तारखेला सकाळी मला महाडहून एसटी धरायची होती. मी काळीचा निरोप घ्यायला गेले. ती गोणपाटावर गाढ झोपली होती. रात्रीची राखण करणाऱ्याची ही झोपेची वेळ. मी तिला उठवलं नाही. तुटक्या कानाच्या शेंड्याला बोट लावलं, कान हलला, डोळे मिटलेलेच राहिले. बारा दिवस माझ्यामागे किंवा माझ्यापुढे दहा पावलांवर असलेला जीव मला पाहून न उठण्याइतका माझा झाला होता. आजींनी डब्यात दोन भाकरी बांधून दिल्या. एक माझी, आणि एक पुण्यातल्या कुत्र्याची, जाड थापलेली.

पुण्यात महिनाअखेरीस थंडी पडली. एका सकाळी माझ्या कुत्र्याबरोबर चालून आले, त्याचे पाय पुसले, आणि स्वेटर न काढताच आबांना फोन लावला. मागे मेंढरांचा आवाज होता, कुणीतरी घोडं हाकलत होतं. मी कुत्र्यांची चौकशी केली.

“आता गोणपाटं गुंडाळून ठिवली,” आबा म्हणाले. “गार पडलंया, ताई. कुत्री मेंढरात निजत्यात.”